हात लावू द्या, सोलापूरकर

"इथं नळाला रोज पाणी नाही आन् तू म्युझियम काय घेऊन बसलास?" सुट्टीत सोलापूरला गेलो तेव्हा काकांनी मला सुनावलं. त्यांचं बरोबर आहे. दिवसाआड, कधी चार-पाच दिवसांनी पाणी भरणाऱ्या घराला हे चोचले वाटणारच. तरी मी विषय सोडला नाही. मुलांना वस्तू हाताळता येतील असं म्युझियम सोलापुरात हवं, एवढंच मी मागतोय, आणि त्याला लागणारं बरंचसं आपल्या शहरात आधीच पडून आहे.

बोस्टनचं चिल्ड्रन्स म्युझियम १९१३ सालचं. आज ते एका जुन्या लोकरीच्या गोदामात आहे. साठच्या दशकात मायकेल स्पॉक या संचालकांनी वस्तू काचेच्या कपाटांतून काढून मुलांच्या हातात दिल्या. तिथे जपानमधल्या क्योतोहून आणलेलं एका रेशीम व्यापाऱ्याचं अख्खं दुमजली घर उभं आहे, त्या शहराने दिलेली भेट. आम्ही चौघं चपला काढून आत गेलो. मुलगी तातामीवर, म्हणजे जपानी चटईवर, मांडी घालून बसली आणि मला आपला पूर्व भाग आठवला.

तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ती घरं! मागाची खटखट, दारात कांड्या भरणाऱ्या बायका, चादरीवरची नक्षी ठरवणारी जॅकार्डची पुठ्ठ्यांची माळ. पुठ्ठ्याला छिद्र असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. ज्यांच्या नावावरून 'जॅकार्ड' म्हणतात त्या जाकार यांनी ही युक्ती १८०४च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध केली, आणि पुढे इंग्रज गणिती बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. संगणकावर पोट भरणाऱ्या मला हे सोलापुरातल्या एकाही शाळेत कुणी मागासमोर उभं करून दाखवलं नव्हतं. केगावला विज्ञान केंद्र आहे, चांगलं आहे. पण या शहराचं स्वतःचं विज्ञान मागावर आहे.

"पोरं मोडून ठेवतील," हा आक्षेप मला फारसा पटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियममध्ये, जे फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ मध्ये सुरू केलं, दुरुस्तीची कार्यशाळा प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोरच चालते. मोडणार हे तिथे गृहीतच धरलंय. आपल्याकडे तर माग दुरुस्त करणारे एकाहून एक जॉबर आहेत.

खरा आक्षेप माझ्या शाळेतल्या मित्राचा. तो विणकराचा मुलगा. म्हणाला, "बापानं मला मागाजवळ फिरकू दिलं नाही, म्हणून मी शिकलो. आता तेच पोरांना खेळ म्हणून दाखवू?" यावर मी बराच वेळ गप्प होतो. बोस्टनमधल्या मुलांना त्या घरात राबावं लागलेलं नाही, आपल्याकडच्या कित्येकांच्या आईवडिलांची पाठ मागावर मोडली आहे. म्हणून मागाचं नुसतं कौतुक मांडून चालणार नाही. धूळ, आवाज, मजुरी, बंद पडलेल्या गिरण्या, हेही मुलांना तिथेच सांगायला हवं. आणि सांगणारा निवृत्त विणकर पगारी असावा, मुलांनी त्याला 'सर' म्हणावं. मित्राला एवढं पटलं.

बोस्टनची एक गोष्ट मात्र उचलू नये: तिकीट. चौघांचं मिळून ते बरंच होतं, आणि ज्या मुलांना याची सर्वांत जास्त गरज आहे ती दाराबाहेर राहतात.

बंद पडलेल्या कारखान्याची एक शेड, दोन हातमाग, एक जॅकार्ड, सुरुवातीला इतकं पुरे. विणकराचा पहिल्या वर्षाचा पगार आम्ही परदेशातले सोलापूरकर जमवू शकतो. शेड मात्र तुम्हाला शोधावी लागेल.