अळीसकट फ्लॉवर मिळेल

नोकरी सोडल्यावर, किंवा नोकरीने आपल्याला सोडल्यावर, पुण्यात माणसाने काय करावं याची सध्या दोनच उत्तरं उरली आहेत. एक तर अमृततुल्य काढावं, नाहीतर शेतकरी बाजारात स्टॉल लावावा. अमृततुल्याला गाळा लागतो, डिपॉझिट लागतं, शिवाय चहा बरा करावा लागतो. स्टॉलला घडीचं टेबल, ताडपत्री, सहा क्रेट आणि थोडासा चिखल एवढ्यावर भागतं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तीन वर्षं मी कोथरूडकडच्या एका मैदानावर दर रविवारी सकाळी हेच करतोय. तेव्हा चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचा हक्क माझ्याकडे जमा झाला आहे. दुसरं फारसं काही जमा झालेलं नाही.

सुरुवात कागदापासून करा. या बाजारात बसायचं तर तुम्ही शेतकरी असलं पाहिजे. घाबरू नका, याचा शेतीशी संबंध नाही. आयोजक सातबारा मागतात, शेत मागत नाहीत. आपल्याकडे शेतजमीन विकत घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं आणि शेतकरी म्हणवून घ्यायला आधी जमीन असावी लागते. त्यामुळे सातबाऱ्याला जी किंमत आली आहे, ती त्यावर पिकणाऱ्या भाताला कधी आली नाही. मामाचा, सासऱ्यांचा, बहिणींनी हक्कसोड करून दिलेला, कुठलाही चालतो. इतर हक्कांत विकास सोसायटीचा बोजा दिसत असेल तर फारच उत्तम. अस्सल वाटतं.

मग अवतार. फेटा बांधू नका, फेटेवाला केटररचा माणूस वाटतो. पांढरी टोपी घ्या, पण नवी कोरी नको. एक रात्र तिच्यावर झोपा. नखांत माती हवी, मात्र कोपरापर्यंत नको. गिऱ्हाइकाला मातीशी नातं हवं असतं, माती हातावरून पिशवीत आलेली चालत नाही. स्टॉलच्या नावात ‘शिवार’, ‘मूळ’, ‘माय’ आणि ‘माती’ यांपैकी कुठलेही दोन शब्द घ्या आणि पाटीवर खडूने लिहा. रंगवलेल्या पाटीवर भाव 30 रुपये असला की लोक घासाघीस करतात, खडूने 60 लिहिला की फोटो काढतात.

आता माल. माल शेतात पिकवावा असा एक मार्ग आहे. मी तो करून पाहिलाय, म्हणून सांगतो, टाळता आला तर टाळा. भोरच्या अलीकडे आमची वडिलोपार्जित अडीच एकर आहे. तिथे जानेवारीत फ्लॉवर येतो तेव्हा फ्लॉवरच येतो. आठ दिवसांत पाचशे गड्डे. शेताला रविवार कळत नाही आणि त्याला व्हरायटी तर त्याहून कळत नाही. इकडे गिऱ्हाईक यादी घेऊन आलेलं असतं. पाव किलो गवार, दोन भरताची वांगी, शेपूची जुडी, चार लिंबं, थोडं आलं, आणि मंगळवारी भाचा येणार म्हणून एक झुकिनी. टेबलावर नुसता फ्लॉवर बघितला की ते हळहळतं आणि शेजारच्या स्टॉलवर जातं.

शेजारचा स्टॉल बघून शिका. गडी पुरंदरचा, सातबारा खणखणीत, आणि त्याच्या टेबलावर बारा महिने बावीस भाज्या असतात. पहाटे चारला तो गुलटेकडीला मार्केट यार्डात असतो आणि सातला आमच्याकडे ‘आत्ताच तोडून आणलीय’ म्हणून भेंडी मांडत असतो. खोटं नाही ते. पोत्यातून आत्ताच काढलेली असते. त्याच्या एका एकरात अंजीर होतं, सीताफळ होतं, इथवर ठीक, पुरंदरचंच पीक ते. पण त्याच बांधावर डिसेंबरात हापूस लागतो, आणि एका रविवारी सफरचंदंही लागली. स्टिकर काढायचे राहून गेले होते. एका आजोबांनी विचारलंच, तर म्हणाला, “रोप शिमल्याचं आहे ना काका.” आजोबांनी दोन किलो घेतली.

याला लबाडी म्हणू नका, धोरण म्हणा. 2016 साली सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्याच वर्षी पणन मंडळाने सावता माळी महाराजांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचं अभियान काढलं. शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला विकावं आणि मधला माणूस जावा, असा हेतू. मधला माणूस खरंच गेला. टोपी घालून टेबलामागे गेला.

मी हा धंदा का धरला, तेही सांगून टाकतो. त्याआधी मी रीतसर माल पाठवायचो. एकदा वीस-वीस किलोचे तीस क्रेट टोमॅटो एका बाजारात धाडले. चार दिवसांनी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, आली. वर भाव, खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं, आणि तळाला 212 रुपये. मला वाटलं मिळाले. नीट बघितलं तर ते मीच द्यायचे होते. याला उलटी पट्टी म्हणतात. आयुष्यभर बँकेत लोकांची खाती ओव्हरड्राफ्टमध्ये गेलेली पाहिली, पण सहाशे किलो टोमॅटो देऊन ओव्हरड्राफ्टमध्ये जाता येतं हे निवृत्तीनंतर कळलं. मी ती पट्टी फ्रेम करून पहिल्या रविवारी स्टॉलवर ठेवली होती. एका ताईंना ते कृषी खात्याचं प्रशस्तिपत्र वाटलं. अभिनंदन करून, फ्रेमसोबत सेल्फी घेऊन त्या गेल्या. टोमॅटो घेतले नाहीत, महाग होते म्हणे.

तर पुढचा विषय सेंद्रिय. हा शब्द वापरायचाच नाही, कारण त्याला कागद लागतो. केंद्राचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम 2001 पासून चालू आहे. त्यात हंगामी पिकाला दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं नुसता जमीन बदलण्याचा काळ धरतात. तोवर उत्पन्न घटलेलं आणि भाव साधाच. गटाने करायचं तर पीजीएस, म्हणजे सहभागी हमी पद्धत आहे, पण त्यात शेतकऱ्यांनी एकमेकांची शेतं तपासायची असतात. भाऊबंदकीत बांधावरून कोर्टात गेलेली माणसं एकमेकांची शेतं किती आवडीने तपासतील, कल्पना करा. त्यापेक्षा ‘नैसर्गिक’ म्हणा, ‘विषमुक्त’ म्हणा, ‘देशी’ म्हणा, आणि अगदीच अडलं तर ‘आजीच्या पद्धतीने’ म्हणा. आमच्या आजीने युरियाची पहिली गोण घरात आली तेव्हा तिला हळदकुंकू वाहिलं होतं, पण ही माहिती पाटीवर मावत नाही.

गुळाचंही तसंच. पूर्वी पिवळाधमक गूळ खपायचा, म्हणून गुऱ्हाळवाले त्यात रंग उजळायला हायड्रॉस नावाचं रसायन टाकायचे. आता लोकांना कळलंय की काळा तो चांगला. त्यामुळे ज्याचा पाक लागला, मळी नीट निघाली नाही, त्या गुऱ्हाळवाल्याचे दिवस आले. भेंडीच्या चिकाने मळी काढून केलेला खरा गूळ मधल्याच कुठल्यातरी रंगाचा होतो. तो कोणीच घेत नाही.

वजनकाट्याला वैधमापनचा शिक्का दरवर्षी मारून घ्यावा लागतो. घ्या मारून. तीन वर्षांत मला तो एकानेही विचारलेला नाही. गाय आनंदी असते का, हे मात्र नऊ जणांनी विचारलंय. मी गाय विकत नाही, तूपही विकत नाही.

भाव कधीही किलोचा लिहू नये. पुण्यात गवार पावाच्या भावाने जगते. ‘40 रुपये पाव’ वाचून माणूस पिशवी उघडतो, ‘160 रुपये किलो’ वाचून अग्रलेख लिहायला घेतो. आणि कोथिंबीर. कोथिंबिरीला भाव लावू नका, ती संस्कृती आहे. पूर्वी भाजीवाला चार काड्या वर टाकायचा, आता दहा मिनिटांत घरपोच भाजी देणारी ॲपं ती फुकट देतात. त्यामुळे तुमच्या पंधरा रुपयांच्या जुडीकडे लोक आता खंडणीच्या नजरेने बघतात. जून-जुलैत पावसाने पाला सडतो आणि तीच जुडी पन्नासला जाते. त्या दिवसांत उभं राहताना पाठ भिंतीकडे ठेवा.

गिऱ्हाइकांशी कसं वागावं हे मात्र कोणी शिकवून येत नाही. एक काकू आहेत. दर रविवारी पावणेआठला, हातात ज्यूटची पिशवी, पिशवीवर पर्यावरण वाचवा. भेंडी घेताना त्या प्रत्येक भेंडीचं शेपूट अंगठ्याने मोडतात. कट्. मोडली तर कोवळी, पिशवीत. वाकली तर जून, परत क्रेटमध्ये. पाव किलोच्या वीसेक भेंड्या होतात आणि त्या वीस मिळवण्यासाठी त्या साठ तपासतात. म्हणजे आठ वाजता माझ्याकडे चाळीस शेपूटवाकड्या भेंड्या उरतात, ज्या नंतर येणाऱ्या प्रत्येकाला ‘कोणीतरी हाताळलेल्या’ वाटतात. मग त्या म्हणतात, “पालक ओला आहे हो, एखादी छोटी पिशवी द्या ना.” राज्यात प्लास्टिकबंदी 2018 साली आली, असं मी एकदा नम्रपणे म्हणालो. “अहो, ती तुमच्यासाठी,” असं उत्तर मिळालं.

हिशेब झाला 97 रुपये. काकूंनी फोन काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि जपून बोट टेकवत 95 टाईप केले. साउंडबॉक्सने सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं सांगितलं की पंच्याण्णव रुपये प्राप्त झाले. काकू हसल्या. मीही हसलो. सुटे नसायचे तेव्हा दोन-तीन रुपये नाइलाजाने सुटायचे. आता पैशापर्यंत अचूक रक्कम पाठवायची सोय झाल्यामुळे ते अचूक सोडता येतात.

पावसाळ्याच्या तोंडावर रानभाज्या ठेवाच. शेवळं, करटोली, टाकळा, फोडशी. नावं जितकी कमी लोकांना माहीत, तितका भाव मोकळा. शेवळं देताना सोबत काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, द्यावीत, आणि नसतील तर चिंच-कोकम तरी घालायला सांगावं, नाहीतर घसा असा खवखवतो की माणूस दोन दिवस बोलत नाही. मी आधी हे सगळ्यांना न चुकता सांगायचो. अलीकडे गिऱ्हाईक बघून सांगतो.

आणखी एक जमात आहे, शेती करायची इच्छा असणारी. हिंजवडीतून शनिवारी रात्री दमून आलेला मुलगा रविवारी तुमच्यासमोर उभा राहतो आणि ड्रिपचं विचारतो, मातीच्या पीएचचं विचारतो, एकरी किती सुटतात ते विचारतो. पंचवीस मिनिटं. मागे रांग. शेवटी एक लिंबू घेतो. त्याला कधीही खरं सांगू नका. दोन वर्षांत तो सातबारा शोधायला लागेल, आणि तुमच्याकडे सासऱ्यांचा एक पडून असेलच.

आता मूळ मुद्द्यावर, फ्लॉवरवर येतो. गेल्या जानेवारीत मी फवारणी केली नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं, पंप बिघडला होता. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाने हवं ते केलं आणि गड्ड्यागड्ड्यात हिरव्या बारीक अळ्या झाल्या. मी चांगले दिसणारे गड्डे निवडून आणले, तरी एका बाईंना घरी जाऊन अळी सापडली. पुढच्या रविवारी त्या डबा घेऊन हजर. डब्यात पुरावा, जिवंत. आजूबाजूला माणसं जमली. मला काहीच सुचेना, म्हणून तोंडाला आलं ते बोललो. “ताई, औषध मारलं असतं तर ती जगली असती का?”

शांतता पसरली. मग मागून एक गृहस्थ म्हणाले, “पॉइंट आहे.” त्या बाईंनी डब्यात नव्याने, जरा मायेने पाहिलं. पंधरा मिनिटांत पन्नास गड्डे गेले. जे मी गाडीत मागे ढकलून ठेवले होते, पानं चाळण झालेले, तेही मागून घेतले. ‘आतमध्ये आहे ना नक्की?’ असं दोघांनी खात्रीने विचारलं. घरी गेल्यावर गड्डा मिठाच्या पाण्यात बुडवा, अळ्या वर येतात, असं मी सांगितलं, तर एका आईने मुलाला ते प्रोजेक्ट म्हणून दिलं. पुढच्या रविवारी मी खडूने पाटी लिहिली, ‘अळीसकट फ्लॉवर मिळेल’, आणि भाव दहा रुपयांनी वाढवला.

शेजाऱ्याचा फ्लॉवर त्या दिवशी तसाच राहिला. पांढराशुभ्र, घट्ट, एकाही पानाला भोक नाही. लोक उचलून बघायचे, वास घ्यायचे आणि संशयाने खाली ठेवायचे. अकराला ताडपत्र्या उतरायला लागल्या, क्रेट टेम्पोत चढायला लागले. तो कपाळाचा घाम पुसत माझ्याकडे आला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “साहेब, तुमच्याकडं आळ्या उरल्यात का? चार-पाच द्या की. पुढच्या रविवारी देतो परत.”