बारीक काम जास्त म्हणजे मॉडेल अचूक? आधी माप घ्या, कठडे नंतर बघा

तयार मॉडेल रेल्वे विकत घेणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या फार फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: हल्ली सगळ्याच तयार मॉडेलांची मापं बरोबर असतात, ती तपासत बसू नका. रुळावर नीट बसलं म्हणजे स्केलही बरोबर. कठडे वेगळे बसवलेत का, जाळी आरपार आहे का, रिव्हेट उठून दिसतात का, एवढं बघा. सुटे भाग जितके जास्त तितकं मॉडेल खऱ्या गाडीच्या जवळ. मापातली थोडीफार चूक डोळ्यांना कळत नाही. आणि कठडे साच्यातच ओतलेलं जुनं मॉडेल म्हणजे खेळणं, त्यावर पैसे घालवू नका.

नवा माणूस या सल्ल्यावर विसंबून बरेच पैसे मोजतो, म्हणून तो मुद्द्यागणिक तपासायला हवा. भारतीय गाड्यांची मॉडेलं घेणाऱ्याला तर तो हमखास महागात पडतो.

«मापं सगळ्यांचीच बरोबर असतात»

एचओ म्हणजे १:८७ या स्केलमधला (खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतका) भारतीय डबा घ्या. जुन्या घडणीच्या आयसीएफ डब्याच्या बॉडीची लांबी २१,३३७ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये २४५ मिमी. नव्या घडणीच्या एलएचबी डब्याची २३,५४० मिमी, म्हणजे साधारण २७०.५ मिमी. फरक चक्क अडीच सेंटिमीटरचा. लाल-करडा रंग दिलेला, एलएचबी म्हणून विकलेला डबा २४५ मिमी भरला, तर तो एलएचबीच्या कपड्यातला आयसीएफ आहे. त्यावर कितीही सुबक पाट्या छापल्या तरी ते बदलत नाही.

लांबीवर भागलं असंही समजू नका, कारण तिथेच एक चकवा आहे. युरोपातला २६.४ मीटरचा प्रवासी डबा १:८७ मध्ये ३०३ मिमी व्हायला हवा. पण घरगुती मांडणीच्या घट्ट वळणांवर एवढा लांब डबा फार बाहेर झुकतो, म्हणून कंपन्यांनी वर्षानुवर्षं तो मुद्दाम आखूड केला: कुणी २८२ मिमी, कुणी २६४ मिमी. हा २६४चा डबा भारतीय रंगात रंगवला की लांबीला एलएचबीच्या जवळ जातो आणि बघणारा फसतो. रुंदी मोजली की खरं कळतं. युरोपीय डबा २,८२५ मिमी रुंद, म्हणजे मॉडेलमध्ये ३२.५ मिमी, आपला एलएचबी ३,२४० मिमी, म्हणजे ३७.२ मिमी. जवळजवळ ५ मिमी कमी रुंदीचा डबा शेजारच्या इंजिनामागे उपाशी दिसतो.

दुसरी खूण खाली आहे, बोगीत. (इथे बोगी म्हणजे चाकांचा गाडा, अख्खा डबा नव्हे.) आयसीएफ बोगीच्या दोन ॲक्सलमधलं (चाकांच्या दांड्यांमधलं) अंतर २,८९६ मिमी, मॉडेलमध्ये ३३.३. एलएचबीखालच्या फियाट बोगीचं २,५६० मिमी, मॉडेलमध्ये २९.४. युरोपातल्या डब्यांखाली बहुधा २,५०० मिमीची बोगी असते, म्हणजे २८.७. ती एलएचबीखाली खपून जाते, पण आयसीएफखाली घातली की साडेचार मिलिमीटरने तोकडी पडते. डब्याला बाकी सगळं असूनही काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

तपासायला दीडशे मिलिमीटरचा डिजिटल व्हर्निअर आणि एक स्टीलची पट्टी पुरे. डबा सरळ रुळावर ठेवा. लांबी शेवटच्या भिंतीपासून शेवटच्या भिंतीपर्यंत घ्या. बफर आणि कपलर (डबे जोडणारा आकडा) धरून घेतलेलं माप निरुपयोगी, कारण कपलर मॉडेलागणिक बदलतो. रुंदी खिडक्यांच्या खालच्या रेषेवर घ्या, पायऱ्या धरू नका. मग दोन बोगींच्या मधल्या खिळ्यांतलं अंतर: आयसीएफला १४,७८३ मिमी म्हणजे १७०, एलएचबीला १४,९०० मिमी म्हणजे १७१.३. शेवटी रुळाच्या माथ्यापासून बफरच्या मध्यापर्यंतची उंची. ब्रॉडगेजवर ती १,०३० ते १,१०५ मिमीच्या दरम्यान असते, म्हणजे मॉडेलमध्ये ११.८ ते १२.७. हे माप चुकलं की डबा एक तर तरंगतो, नाही तर बसका दिसतो, आणि इंजिनाला जोडल्यावर छपरांची रेघ तुटते. लांबीत एक टक्का आणि रुंदी-उंचीत अर्धा मिलिमीटर फरक चालवून घ्यावा. त्यापुढे नाही.

मोजपट्टी हाताशी नसेल तर कप्पे मोजा. ७२ बर्थचा आयसीएफ स्लीपर म्हणजे ९ कप्पे, ८० बर्थचा एलएचबी स्लीपर म्हणजे १०. आखूड केलेल्या डब्यात एक तर कप्पा गायब असतो, नाही तर प्रत्येक खिडकी थोडी थोडी चेपलेली असते. दुसरा प्रकार जास्त फसवा.

«आता लेझर स्कॅन करून साचे बनतात, चूक होईलच कशी?» असंही यात जोडलं जातं. स्कॅन खरी गाडी मोजतो. मोटर कुठे मावणार, प्लास्टिकची भिंत किती जाड ठेवायची, डबा कोणत्या वळणावर फिरायला हवा, हे निर्णय त्यानंतर माणसंच घेतात, आणि माप तिथे बदलतं. शिवाय संग्रहालयात उभं असलेलं इंजिन आयुष्यभरातले फेरफार अंगावर घेऊन उभं असतं. त्याचा स्कॅन हुबेहूब असला तरी वीस वर्षांपूर्वीच्या रंगसंगतीत विकलं जाणारं मॉडेल त्यातून बरोबर निघेलच असं नाही. ही चूक लांबी-रुंदीत सापडत नाही, त्या काळातला त्याच क्रमांकाचा फोटो शेजारी ठेवावा लागतो.

«रुळावर नीट बसलं म्हणजे स्केल बरोबर»

हा मुद्दा थोडक्यात सांगितला जातो, पण सगळ्यांत मोठी तडजोड इथेच दडलेली आहे. एचओचा १६.५ मिमीचा रूळ म्हणजे १,४३५ मिमीचा स्टँडर्ड गेज (दोन रुळांमधलं अंतर) भागिले ८७. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमी, तो १:८७ मध्ये १९.२६ मिमी व्हायला हवा. बाजारातलं एचओ भारतीय मॉडेल १६.५ च्याच रुळावर धावतं, म्हणजे चाकं दोन्ही बाजूंनी मिळून पावणेतीन मिलिमीटर आत आलेली असतात. मग बोगीच्या बाजूच्या चौकटी कुठे ठेवायच्या? खऱ्या जागी ठेवल्या तर चाक आणि चौकट यांच्यात दर बाजूला १.४ मिमीची जादा फट राहते. आत ओढल्या तर बोगी बॉडीखाली हरवते आणि समोरून इंजिन वर जड, खाली बारीक दिसतं. चौकटी खऱ्या जागी ठेवून फट पत्करणं हाच शहाणा मार्ग. फट फक्त समोरून दिसते, आत ओढलेली बोगी मात्र प्रत्येक कोनातून खटकते.

ही तडजोड आपल्यापुरती नाही. ब्रिटिश ओओ मॉडेल १:७६.२ चं आणि रूळ तोच १६.५ चा, त्या स्केलमध्ये तो रूळ १,२५७ मिमीचा गेज ठरतो. जपानी एन स्केल १:१५० चं, त्यात १,०६७ मिमीचा गेज ७.१ मिमी व्हायला हवा, पण रूळ ९ मिमीचा, म्हणजे तिथे उलटा, रुंद. याउलट बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिमीचा गेज १:८७ मध्ये ८.७६ मिमी येतो आणि ९ मिमीच्या तयार रुळावर जवळजवळ तंतोतंत बसतो. माथेरानच्या ६१० मिमीला (७ मिमी) ते भाग्य नाही. तडजोड असण्यात गैर काही नाही. ती आहे हे घेणाऱ्याला माहीत हवं, आणि पन्नास सुटे भाग लावल्याने ती नाहीशी होत नाही.

«सुटे भाग जास्त, म्हणून खऱ्याच्या जवळ»

खरा कठडा साधारण ३० ते ४० मिमी जाडीच्या नळीचा. मॉडेलमध्ये ०.३५ ते ०.४५ मिमी. वेगळे बसवलेले प्लास्टिकचे कठडे अनेकदा ०.६ मिमी असतात. ८७ ने गुणलं तर ५२ मिमी. कॅबच्या दारात उभ्या राहणाऱ्या चालकाच्या मुठीत एवढा जाड कठडा नीट बसणार नाही. भाग सुटा आहे, वेगळ्या रंगाचा आहे, फोटोत उठून दिसतो, पण माप चुकलेलं आहे. बॉडीवर कोरलेल्या पत्र्यांच्या सांध्यांचंही तसंच: ०.२ मिमीची खाच म्हणजे खऱ्या गाडीवर १७ मिमीची भेग, जिच्यात बोट जाईल. सुबक आणि अचूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाच्या बोगीत दिसतं. ही अल्को या अमेरिकी कंपनीची तीन ॲक्सलची ट्रायमाउंट बोगी, आणि तिच्यात पहिल्या-दुसऱ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या ॲक्सलमधली अंतरं सारखी नाहीत. त्या असमानपणामुळेच हे इंजिन लांबूनही ओळखू येतं. तयार मॉडेलाखाली मात्र सारख्या अंतराची, दुसऱ्याच इंजिनासाठी बनलेली यंत्रणा घातलेली असू शकते. मग बाजूची चौकट त्या यंत्रणेवर ओढूनताणून बसवतात. ब्रेक सिलिंडर, स्प्रिंगा, वाळूच्या नळ्या सगळं असतं. पण ॲक्सलबॉक्सचं झाकण चाकाच्या मध्यावर येत नाही, एक-दीड मिलिमीटर सरकलेलं असतं. घेताना इंजिन उताणं करा आणि तिन्ही झाकणं तिन्ही ॲक्सलच्या टोकांवर येतात का ते बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

चाकांबद्दल मात्र थोडी सवलत द्यावी. खऱ्या चाकाची फ्लँज (रुळाच्या आत उतरणारी कड) साधारण २८ मिमी, म्हणजे ०.३२ मिमी, प्रचलित आरपी-२५ मानकाच्या मॉडेल चाकाची ०.६४ मिमी. दुप्पट आहे, पण त्याखाली गेलात तर घरी जोडलेल्या रुळावर गाडी घसरते.

«मापातली चूक नजरेला दिसत नाही»

उलट आहे. निरोगी डोळा साधारण एका कलामिनिटाचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) फरक ओळखतो. एक मीटरवरून तो ०.३ मिमी होतो. मांडणीवरची गाडी आपण साठ सेंटिमीटर ते एक मीटरवरून बघतो. तिथून ०.१५ मिमी उंचीचा रिव्हेट रंगाच्या सावलीइतकाच उरतो, पण कॅबच्या खिडकीची एक मिलिमीटरने खाली आलेली कड लगेच कळते, कारण इंजिनाचा चेहरा आपण रोज बघितलेला असतो.

मग लोकांना उलटं का वाटतं? कारण मॉडेल हल्ली फोटोवरून विकलं जातं. जवळून घेतलेल्या मोठ्या फोटोत जाळी आणि कठडे डोळ्यांत भरतात, आणि जवळच्या भिंगामुळे नाक फुगलेलं, शेपूट निमुळतं दिसतं, त्यामुळे प्रमाण चुकलंय की भिंगाने चुकवलंय ते ओळखता येत नाही. विक्रेत्याकडून अगदी बाजूने, लांब उभं राहून झूम करून काढलेला, शेजारी पट्टी ठेवलेला एक फोटो मागवा. अशा फोटोवर सगळी प्रमाणं काढता येतात.

«ओतलेले कठडे म्हणजे खेळणं»

या मुद्द्याने सर्वांत जास्त नुकसान होतं. अमेरिकेतल्या अथर्नची जुनी ‘ब्लू बॉक्स’ इंजिनं बघा. त्यातल्या जीपी-३५ सारख्या कित्येकांचं हूड (इंजिनावरचं लांब झाकण) मोटर मावावी म्हणून खऱ्यापेक्षा रुंद केलेलं होतं. छंदातल्या लोकांनी त्यावर तारेचे कठडे लावले, जाळ्या बदलल्या, रंग दिले. हूड रुंदच राहिलं. ते अरुंद करायचं तर छप्पर उभं कापून मधली पट्टी काढावी लागते, दोन्ही टोकांची नाकं पुन्हा घडवावी लागतात, आणि मोटरही बदलावी लागते. म्हणजे नवी बॉडीच.

ओतलेला कठडा मात्र एका संध्याकाळी बदलता येतो. आधी काचा काढून घ्या, नाहीतर सुपरग्लूच्या वाफेने त्या पांढुरक्या होतात. सपाट छिन्नी-ब्लेड बॉडीला टेकवून कठडा पातळ थरांनी तासा. एका दमात कापायला गेलात तर खाली खड्डा पडतो. ४००, ८००, १२०० चा पॉलिशपेपर ओला करून फिरवा. भोकांची जागा सुईने टोचून घ्या, नाहीतर ड्रिल घसरतं. ०.४ मिमीचं बिट हातड्रिलमध्ये धरून भोकं पाडा. विजेचं ड्रिल नको, प्लास्टिक वितळून बिटला चिकटतं. ०.३५ मिमीची पितळी तार वाकवून दोन्ही टोकं २ मिमी आत जातील अशी घाला, मध्ये ०.८ मिमीची कार्डाची पट्टी अंतरासाठी ठेवा, आणि गोंदाचा थेंब आतून लावा. मग प्रायमर, मग रंग. हा कठडा कारखान्यातल्या ०.६ मिमीच्या प्लास्टिकपेक्षा मापाला जास्त खरा असतो.

थ्रीडी छपाईच्या बॉडीला याच कारणासाठी जास्त कडक तपासा. छपाईतलं बारीक काम अप्रतिम असतं, पण लहान यंत्रावर २७० मिमीचा डबा एका तुकड्यात मावत नाही. तो दोन तुकड्यांत छापून जोडतात आणि रेझिन घट्ट होताना आकसून वाकतं. बॉडी काचेच्या तुकड्यावर पालथी ठेवा, मधोमध ०.३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर परत करा.

बारीक कामाला काही ठिकाणी खरोखर पर्याय नाही, आणि तिथे त्यावर पैसे घालावेत: विजेच्या इंजिनाचं छप्पर. पँटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारी चौकट), इन्सुलेटर, छपरावरच्या तारा हे इंजिनाच्या बाह्यरेषेचेच भाग आहेत. ते जाडजूड किंवा सपाट असले तर डब्ल्यूएपी-७ सारख्या इंजिनाची बफरांसह लांबी २३६ मिमी बरोबर असूनही उपयोग नाही. बफरखालच्या ब्रेकनळ्या मात्र बऱ्याच मॉडेलांसोबत वेगळ्या पिशवीत येतात, कारण त्या लावल्या की वळणावर कपलर त्यांना अडतो आणि पहिलाच डबा घसरतो. गाडी चालवायची असेल तर त्या फक्त गाडीच्या मोकळ्या टोकाला, इंजिनाच्या पुढच्या बाजूला लावा. आणि सुटे कठडे पीओएम जातीच्या लवचीक प्लास्टिकचे असतील तर साधा सुपरग्लू त्यांना धरत नाही, रंगही पापुद्र्यासारखा सुटतो. त्यासाठी मिळणारा खास प्रायमर आधी लावावा, नाहीतर ते काढून पितळी तारच घालावी.