वाल्झरची पेन्सिल राहून गेली
रॉबर्ट वाल्झर या स्विस लेखकावरचा तुमचा लेख चांगला आहे, पण त्यात बहुतेक जागा त्याची मनोरुग्णालयातली वर्षं आणि १९५६ च्या नाताळला बर्फात आलेला मृत्यू यातच गेलीय, ते काही पटलं नाही. माणूस मेला कसा यापेक्षा लिहायचा कसा हे जास्त भारी आहे हो!

पेनाने लिहिताना त्याचा हातच चालेना, म्हणून तो पेन्सिलवर आला आणि कॅलेंडरची पानं, पाकिटं, मिळेल त्या कागदाच्या तुकड्यावर एकदोन मिलिमीटरच्या अक्षरात लिहीत सुटला, इतकं बारीक की कार्ल झेलिगला, म्हणजे त्याला भेटायला जाणाऱ्या त्याच्या स्नेह्याला, ती गुप्त लिपी वाटली. ती निघाली जुनी जर्मन हस्तलिपीच, फक्त प्रचंड लहान केलेली. असे ५२६ कागद! एख्ट आणि मोरलांग या दोन अभ्यासकांनी ते वर्षानुवर्षं बसून वाचले, १९८५ ते २००० मध्ये त्या मजकुराचे सहा खंड आले. या दोघांचं नाव लेखात यायलाच हवं होतं.

आणि 'याकोब फॉन गुन्टेन' (१९०९) या त्याच्या कादंबरीवर एकच ओळ? नोकर घडवणाऱ्या शाळेतल्या मुलाची डायरी आहे ती, वाल्झर स्वतः १९०५ मध्ये बर्लिनला तसा कोर्स करून एका वाड्यात नोकर म्हणून राबलेला, त्यामुळे त्यातली नम्रता वरवरची नाही वाटत, मध्येच उद्धट पण होते. काफ्काला आवडायची ती. नवीन वाचकाने इथूनच सुरुवात करावी, पेन्सिलीत लिहिलेली 'दरोडेखोर' कादंबरी नंतर, ती जरा जड जाते.