कृष्णेतल्या औषधांची तक्रार कोण करणार?

उन्हाळ्यात पाणी उतरलं की कृष्णेत मेलेल्या माशांचा खच दिसतो. फोटो व्हायरल होतात, मळी कुणी सोडली यावरून चार दिवस गदारोळ होतो, प्रदूषण नियंत्रण मंडळाची माणसं पाण्याचे नमुने घेऊन जातात. तो राग रास्तच आहे. पण त्याच पाण्यात आणखी एक गोष्ट बारा महिने मिसळत असते. तिला रंग नाही, वास नाही, फेस नाही, त्यामुळं तिच्यासाठी पुलावर कुणी मोर्चा काढत नाही. मी बोलतेय ती आपल्या औषधांबद्दल.

मी मिरजेत मेडिकल चालवते. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. वानलेस डॉक्टरांचं मिशन हॉस्पिटल १८९४ सालचं. तेव्हापासून अथणी, जमखंडी, विजापूरपासून माणसं इथं उपचाराला येतात. आज गल्लोगल्ली हॉस्पिटल आहे, त्याला लागून लॅब आणि मेडिकल आहे. या एका गावात रोज किती गोळ्या, इंजेक्शनं, सलाईनी माणसांच्या अंगात जातात, याचा जरा अंदाज करा. आता हेही विचारा की त्या पुढं जातात कुठं.

पोटात गेलेली गोळी तिथंच संपते, अशी बहुतेकांची समजूत असते. तसं होत नाही. शुगरच्या पेशंटची मेटफॉर्मिन शरीर मोडतच नाही, ती लघवीवाटे आहे तशी बाहेर पडते. अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचा निम्म्याहून अधिक डोस काही तासांत तसाच बाहेर येतो. तिथून गटार, गटारातून नाला, नाल्यातून नदी. मधे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असलं तरी ते बांधलेलं असतं सेंद्रिय घाण कमी करायला, औषधांचे रेणू पकडायला नव्हे. फिटच्या आजारावरची कार्बामाझेपिन अशा केंद्रातून जवळजवळ अख्खी पार होते. आणि आपल्याकडं सगळं सांडपाणी त्या केंद्रापर्यंत तरी कुठं पोचतंय? शहराचं सांडपाणी कृष्णेत आणणाऱ्या शेरीनाल्याचं दुखणं सांगलीकरांना मी नव्यानं सांगायला नको.

जगभरातल्या १०४ देशांमधल्या २५८ नद्यांचं पाणी तपासणारा एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. १,०५२ ठिकाणचे नमुने होते. सगळ्यात जास्त ठिकाणी सापडली ती कार्बामाझेपिन, मेटफॉर्मिन आणि कॅफीन. यातली पहिली दोन मी रोज काउंटरवरून देते. जवळपास एक चतुर्थांश ठिकाणी निदान एका तरी औषधाचं प्रमाण पाण्यातल्या जिवांसाठी किंवा जंतूंमध्ये औषधांना दाद न देण्याचा गुण वाढण्याच्या दृष्टीनं सुरक्षित मानलेल्या पातळीच्या वर होतं.

कुणाला घाबरवायचं म्हणून हे लिहीत नाहीये. नदीत ही औषधं बहुतेक ठिकाणी इतकी कमी असतात की ती नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजावी लागतात. तांब्याभर पाणी प्यायल्यानं कुणाच्या पोटात गोळीएवढं औषध जात नाही. माणसाला खरा धोका आहे तो जंतूंच्या वाटेनं. अँटिबायोटिकचा अगदी थोडा अंश सतत पाण्यात राहिला तर त्यातले कमकुवत जंतू मागं पडतात, चिवट जंतू वाढतात आणि औषधाला दाद न देण्याचा गुण ते शेजारच्या जंतूंनाही देऊन टाकतात. असे जंतू मग जखमेत, मूत्रमार्गात, नवजात बाळाच्या रक्तात शिरले की डॉक्टरांच्या हातात काही उरत नाही. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळं २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. हल्ली एखाद्या पेशंटसाठी कोलिस्टिनची चिठ्ठी घेऊन नातेवाईक धावत येतात तेव्हा मला त्या कागदावरून पुढचं सगळं कळतं. हाताशी ठेवलेलं शेवटच्या फळीतलं औषध आहे ते.

आपल्याच देशातली दोन उदाहरणं सांगते. हैदराबादजवळ पाटणचेरूला सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी एका केंद्रात येत होतं. तिथून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात, हो, प्रक्रिया झालेल्या पाण्यात, लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलं. औषध घेणाऱ्या पेशंटच्या रक्तातसुद्धा ते इतकं नसतं. हे २००७ साली जगापुढं आलं. पुढं २०११ मध्ये दिल्लीतल्या पाण्याचा अभ्यास छापून आला. एनडीएम-१ हे जनुक, म्हणजे भारी अँटिबायोटिकही निकामी करणारं, रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये निघालं. नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्येही निघालं.

इतकं झाल्यावर केंद्र सरकारनं जानेवारी २०२० मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात कुठलं अँटिबायोटिक किती चालेल याच्या मर्यादा मसुद्यात घातल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम आले, तेव्हा त्या मर्यादा गायब होत्या. मला याचा आजही संताप येतो.

पाटणचेरूएवढे कारखाने आपल्याकडं नाहीत, मान्य. पण औषधं फक्त कारखान्यातूनच येतात असं थोडंच आहे? म्हशीला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली की सडात अँटिबायोटिकच्या ट्यूब सोडतात. आटपाडी-जतकडं डाळिंबाच्या तेल्या रोगावर वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोसायक्लीन हे अँटिबायोटिक फवारलं गेलं. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे ज्याच्या जोरावर एके काळी टीबीचे पेशंट बरे झाले ते इंजेक्शन. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. बाग जळताना दिसल्यावर जे हाताला लागेल ते तो मारणारच. पण ते पावसाबरोबर कुठं वाहून गेलं, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

माशांचं तर विचारूच नका. कॅनडात शास्त्रज्ञांनी एका प्रायोगिक तळ्यात २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळ्यांमधलं हार्मोन सोडलं, लिटरला जेमतेम पाच-सहा नॅनोग्रॅम. नर माशांच्या अंगात अंड्यांचं प्रथिन तयार व्हायला लागलं आणि तळ्यातली एका जातीच्या छोट्या माशांची संख्या जवळपास संपली. मासे मरून वर आले नाहीत. पिल्लंच झाली नाहीत. अशा ऱ्हासाचा फोटो निघत नाही. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं गिधाडांचं असंच झालं. मेलेलं ढोर खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी होत होत्या. ते २००४ मध्ये कळलं, २००६ मध्ये बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं आपल्या देशातून ९९ टक्के नाहीशी झाली होती.

आणि आपला पूर! २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौक, हरभट रोड, खणभाग, सगळीकडं दुकानं बुडाली. पाणी ओसरल्यावर तिथल्या औषधवाल्यांकडं मदतीला गेले होते. सिरपच्या बाटल्या, इन्शुलिनचे खोके, विरघळून लगदा झालेल्या कॅप्सूल चिखलातून फावड्यानं ओढत होतो. रॅकवरचं बरंचसं त्याआधीच पाण्याबरोबर गेलेलं होतं. त्या दिवसांत धान्याचं बोललं गेलं, जनावरांचं बोललं गेलं. औषधांचा हिशेब कुणीच मांडला नाही.

आता घरातल्या औषधांकडं येते, कारण हे आपल्या हातातलं आहे. दुकानातला एक्सपायरीचा माल आम्ही स्टॉकिस्टला परत करतो. त्याला वाट आहे, कागद आहेत. घरातल्या औषधांना वाटच नाही. माणूस गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी घरचे पिशवी घेऊन येतात. "ताई, ह्या परत घ्या की, पाकीटसुद्धा फोडलेलं नाही." मला घेता येत नाहीत, कारण त्या घरात कशा ठेवल्या होत्या हे मला माहीत नाही आणि दुसऱ्या पेशंटला त्या देणं धोक्याचं आहे. मग ती पिशवी कचऱ्यात जाते, नाहीतर सिरप बेसिनमध्ये ओतलं जातं. काहीजण गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण नदीत सोडतात, त्याबरोबर औषधंही सोडतात. त्या घरावर कोसळलेलं दुःख दिसत असतं, अशा वेळी उपदेश करायला जीभ रेटत नाही. पण पर्याय असता तर मी तो नक्की दाखवला असता.

केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेनं मे २०२५ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. चुकून कुणाच्या हाती लागली तर जिवावर बेततील अशी १७ औषधं, मुख्यतः अफूच्या वर्गातली जबर वेदनाशामकं, तेवढी फ्लश करा, बाकीची औषधं गोळा करण्याची सोय राज्यांनी उभी करावी, असं त्यात आहे. केरळनं घरोघरची जुनी औषधं गोळा करायला सुरुवातही केली. युरोपीय संघानं २०२४ मध्ये कायदाच केला: सांडपाण्यातली औषधं काढण्याच्या जादा प्रक्रियेचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या कंपन्यांनी द्यायचा.

आपल्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात फ्लोराइड आहे, नायट्रेट आहे, शिसं आहे, कीटकनाशकं आहेत. औषधांसाठी रकानाच नाही. म्हणून माझी पहिली मागणी आहे ती तपासणीची. सांगलीच्या वर, हरिपूरच्या संगमाखाली आणि मिरजेच्या कृष्णाघाटावर, वर्षातून निदान दोनदा, पाच-सहा ठरावीक औषधं आणि प्रतिकारक्षम जंतू मोजा आणि आकडे लोकांसमोर ठेवा. हेच पाणी म्हैसाळ योजनेतून जतपर्यंत जातं, नृसिंहवाडीला भाविक त्यात स्नान करतात, पुढं कर्नाटकातली गावं तेच पितात.

दुसरी मागणी त्याहून सोपी आहे. हॉस्पिटलच्या पिवळ्या पिशव्या न्यायला जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी आजही मिरजेत फिरते. तिनं आठवड्यातून एकदा प्रत्येक वॉर्डातल्या एका मेडिकलसमोर थांबावं. त्या मेडिकलनं कुलूपबंद डबा ठेवावा, लोकांनी जुनी औषधं त्यात टाकावीत, गाडीनं ती भट्टीपर्यंत न्यावीत. माझ्या दुकानात डबा ठेवायला मी तयार आहे. आमच्या लाइनमधल्या आणखी काही जणांशी बोललेय, तेही तयार आहेत. महापालिकेला द्यायचा अर्ज लिहून ठेवलाय. मिरज, सांगली, कुपवाडमधल्या ज्या मेडिकलवाल्यांना, डॉक्टरांना, हॉस्पिटलवाल्यांना त्यावर सही करायची आहे त्यांनी खाली कमेंटमध्ये सांगा, मी अर्ज घेऊन तुमच्याकडं येते.