माहीत आहे हो, पण नंबर लावणार कोण?

10 ऑक्टोबर, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिन आला की पोस्टर लागतात. 'मनमोकळं बोला', 'मदत मागा'. पोस्टरवर माझा राग नाही. पण नैराश्य असलेली माणसं उपचारापर्यंत का पोचत नाहीत, याचं उत्तर 'आपल्याकडे जागरूकता नाही' एवढ्यावर उरकतात, ते पटत नाही.

लक्षणंच बघा ना. साधा निर्णय घेता येत नाही, अंगात त्राण नसतं, 'माझ्यासाठी कशाला पैसे घालवता' आणि 'आता काही उपयोग नाही' हेच डोक्यात फिरत असतं. आणि अशा माणसाने काय करायचं? डॉक्टर शोधायचा, फोन करून नंबर लावायचा, रजा टाकायची, वर घरच्यांना पटवायचं. ज्या ताकदीवर उपचार सुरू व्हायचे, तीच ताकद आजाराने काढून घेतलेली असते.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (12 राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता) नैराश्य असलेल्या शंभरांतले सुमारे 85 जण उपचाराबाहेर निघाले. आता आपल्याकडचा अनुभव. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्या लोकांपर्यंत गेल्या, समुपदेशक जवळ आले, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञांची जोड मिळाली. 18 महिन्यांत नैराश्य असलेल्यांत मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. म्हणजे सहापट. तरीही शंभरांतले सत्तरवर बाहेरच राहिले, हेही सांगायला हवं. पण फरक पडला तो दारापर्यंत माणूस आला म्हणून, असं माझं वाचन आहे.

दुसरी गोष्ट. आपल्याकडे कुणी 'मला नैराश्य आलंय' म्हणत दवाखान्यात जात नाही. 'डोकं जड वाटतं', 'अंग मोडून येतं', 'झोप नाही', 'छातीत धडधडतं', 'जेवण जात नाही' असं सांगतात. मग रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, बी-12 चं इंजेक्शन, ॲसिडिटीची गोळी. यातली थायरॉईडची तपासणी योग्यच, कारण थायरॉईड कमी झाला तरी माणूस असाच मंद आणि उदास होतो. गडबड पुढे होते. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, 'बघ, काही नाही तुला, उगाच विचार करतेस.' तिथे पुन्हा तोंड उघडायची हिंमत संपते. नॉर्मल रिपोर्टनंतर डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास होतं का? कशातच रस वाटत नाही असं झालंय का? 'पीएचक्यू-9' या नऊ प्रश्नांच्या तक्त्याची सुरुवात याच दोन गोष्टींनी होते. एकूण गुण 27. दहा किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणी हवीच.

पुरुषांचं वेगळंच. चिडचिड, दारू, कामावर दांड्या. त्याला घरात कुणी आजार म्हणत नाही, माज म्हणतात.

आता गोळ्या, कारण खरी गळती इथे आहे. नैराश्यावरच्या एस्सिटॅलोप्रामसारख्या गोळीचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, काहींना सहा. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात दिसतो: मळमळ, डोकेदुखी, थोडी बेचैनी. म्हणजे पहिल्या दहा दिवसांत पेशंटच्या हाती तोटाच तोटा. हे आधी कुणी सांगितलं नाही, तर पट्टी अर्धी संपायच्या आत बंद होते आणि 'मला औषध सूट होत नाही' हा शिक्का कायमचा बसतो. ज्यांना गुण येतो ते 'बरं वाटतंय' म्हणून दोन महिन्यांत सोडतात. पहिल्यांदाच झालेल्या नैराश्यात बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते. मग लोक म्हणतात, 'बघा, सवय लागली.' ती सवय नव्हे. डोस हळूहळू कमी करायचा असतो, आणि तोही डॉक्टरांना विचारून. सवय लागते ती झोपेसाठी, घबराटीसाठी घेतल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची, ज्या मेडिकलवाल्याकडून परस्पर आणून वर्षानुवर्षं घेतल्या जातात. बदनाम मात्र सगळ्याच गोळ्या होतात.

'लोक काय म्हणतील' याबद्दल खूप लिहून झालंय. एकच सांगतो: ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून लोक मुद्दाम दुसऱ्या तालुक्याला जातात. मग प्रवासाचं भाडं, स्वतःचा रोज बुडणार, सोबत्याचाही बुडणार. गोळ्या जनऔषधीत स्वस्त मिळतात, महाग पडतो तो दिवस. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलं आहे. पण नैराश्याचे बहुतेक उपचार ओपीडीत होतात आणि बऱ्याच पॉलिसी ओपीडीचा खर्च देत नाहीत. कागदावर हक्क, खिशातून पैसे.

म्हणून माझं म्हणणं शेजारच्या माणसाला आहे. 'डॉक्टरला दाखव' म्हणू नका. 'गुरुवारी सकाळी आपण दोघं जाऊ, नंबर मी लावलाय' म्हणा. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग कुठल्या खोलीत, कुठल्या वारी, हे आधी फोनवर विचारून ठेवा. जाणं जमतच नसेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मराठीत, फुकट. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घ्या, नावं आठवत बसू नका. पेशंट आत गेल्यावर तुम्ही थोडा वेळ बाहेर थांबा, काही गोष्टी तुमच्यासमोर निघणार नाहीत.

'जगून काय करू' असं बोलणं निघालं, तर गुरुवारची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना, तोवर एकटं सोडायचं नाही, आणि घरातलं फवारणीचं औषध आधी बाहेर काढायचं. सरळ विचारा, 'मरावंसं वाटतं का?' विचारल्याने डोक्यात नवं काही भरत नाही.

आणि हो, केसपेपरवर पुढची तारीख लिहिलेली असते. त्याच्या नको, तुमच्या मोबाइलमध्ये गजर लावा.