अर्थ कुठं दिलायस ते सांग आधी

डोकं फिरलंय नुसतं. महिना झाला गाडीत आवाज वाढवणारे दोन ॲम्प बसवून, दारातल्या स्पीकरना फोर चॅनल आन् डिकीतल्या बेसच्या बारा इंची ऊफरला मोनो, आणि महिनाभर मी गाणी कमी आन् "कुंईईई" जास्त ऐकालोय. गाडी चालू केली की बारीक शिट्टी, ॲक्सिलेटर दाबला की शिट्टी चढती, कावळा नाक्याच्या सिग्नलला थांबलं की खाली येती. इंजिन किती फिरालंय ते बघायला काटा नको, कानानंच कळतंय.

ज्यानं बसवलं त्याच्याकडं तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा, "भावा स्पीकर नवीन हायत, सेट व्हायला वेळ लागतोय." दुसऱ्यांदा गेन कमी करून दिला. अरे गेन म्हंजे काय आवाजाचं बटण हाय व्हय? स्टिरिओतनं येणारा सिग्नल ॲम्पला जुळवून घ्यायला असतोय तो. तिसऱ्यांदा म्हणाला आरसीए, म्हंजे स्टिरिओतनं ॲम्पला सिग्नल नेणारी केबल, महागातली घ्या. घेतली, गाढवासारखी घेतली. शिट्टी तशीच, आता फक्त महागातल्या वायरीतनं येती.

शेवटी रविवारी बॅटरीची मायनस काढली आन् स्वतःच डिकीचं कार्पेट उचकटलं. तिथंच बसलो मटकन.

मोनोचा अर्थ, म्हंजे गाडीच्या पत्र्याला जोडायची मायनसची वायर, सीटबेल्टच्या बोल्टला! ज्या बोल्टावर आपला जीव हाय त्याला ह्यानं वायर गुंडाळलीया. आन् फोर चॅनलचा अर्थ पार दुसऱ्या बाजूला, पत्र्याच्या रंगावरच स्क्रू पिळून. रंग खरवडायचे बी कष्ट नाहीत, रंगातनं करंट जातोय व्हय कधी? परत बॅटरी जोडून, गाणं लावून दोन्ही अर्थमध्ये मीटर धरला तर बेस पडला की अर्धा व्होल्ट नाचालाय. तिथं जवळजवळ शून्य दिसाय पाहिजे. एक ॲम्प एका पातळीवर, दुसरा दुसऱ्या, आन् तो मधला फरक आरसीएच्या वरच्या तारेच्या जाळीतनं वाट काढतोय, अल्टरनेटरची किरकिर सोबत घिऊन. ही सगळी शिट्टी. ह्याला दोन हजाराची केबल काय करणार, कपाळ?

बरं एवढ्यावर भागलं असतं तर गप बसलो असतो. बॅटरीपासनं आलेली मेन वायर सरळ मोनोत घुसवली आन् मोनोच्या प्लसमधनंच एक बारीक तुकडा काढून फोर चॅनलला दिला. मोनोचा फ्युज ६० चा, दुसऱ्याचा ४०, म्हंजे १०० ॲम्पियर मागू शकतात दोघं मिळून, आन् वायर आठ गेजची. गेजचा आकडा मोठा तेवढी वायर बारीक. पैसे चार गेजचे घेतले हां, बिलावर लिहिलंय तसं. टोक कापून बघितलं तर आत पांढरंफेक, वरनं नुसता तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. आमच्या शेजारची आज्जी भांडं घेताना वाजवून घेती, मी मात्र वायर न कापता घेतली.

आन् फ्युज कुठं? डिकीत, ॲम्पच्या शेजारी! अरे मर्दा फ्युज वायरीसाठी असतोय, बॅटरीपासनं दीड फुटाच्या आत पाहिजे. बॉनेटमधनं आत येताना पत्र्याच्या भोकाला रबर नाही, वायरीचं कवच तिथं निम्मं घासलेलं. अजून थोडं घासलं असतं तर आख्खी वायर तापून लाल झाली असती आन् डिकीतला फ्युज बसला असता मजा बघत. त्याच गाडीतनं मी पोरांना घिऊन पन्हाळ्याला जाऊन आलोय, हे आठवलं की हात थरथरतोय.

रिमोटची निळी वायर, स्टिरिओ लावला की ॲम्प चालू करणारी, तेवढी बरोबर जोडली होती. कौतुक.

उद्यमनगरात जाऊन खरी तांब्याची चार गेज आणली, वायरीच्या टोकांना लग दाबून घेतले, बॅटरीजवळ १०० चा फ्युज, भोकाला रबर, डिकीत एका वायरीचे फाटे करणारा डिस्ट्रिब्युशन ब्लॉक, तिथनं दोघांना वेगवेगळी वायर. अर्थसाठी चॅसीवर एकच जागा, पॉलिश पेपरनं घासून पत्रा चकाकस्तोवर, आन् दोन्ही वायरी हातभराच्या आत. संध्याकाळी गाडी चालू केली. शिट्टी गायब. रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या, मुद्दाम रेस करून बघितलं, काय नाही.

काल त्याला फोन लावला, म्हटलं शिट्टी गेली. पुढचं काय बोलायच्या आधीच गडी म्हणतोय, "बघा, म्हटलं नव्हतं का सेट व्हायला वेळ लागतोय!"