‘पियानोवरचा रामो म्हणजे भेसळ’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

फ्रेंच पियानोवादक मार्सेल मेयेरवरच्या माझ्या लेखाला तुम्ही एवढी लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत, तीही चिडून, म्हणजे लेख शेवटपर्यंत वाचलात हे नक्की. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो. रामोसारख्या अठराव्या शतकातल्या फ्रेंच रचनाकारांनी हार्प्सिकॉर्डसाठी (पियानोच्या आधीचं, तार छेडणारं पट्ट्यांचं वाद्य) लिहिलेलं संगीत पियानोवर वाजवणं ही भेसळ आहे. सत्तर वर्षांपूर्वीच्या मोनो ध्वनिमुद्रणांचं कौतुक म्हणजे जुनं ते सोनं छाप भाबडेपणा. ‘दुर्लक्षित’ हा शिक्का आम्ही लिहिणारे कुणावरही मारतो. आणि ब्लांशच्या चित्राबद्दल मी चुकीचं लिहिलं आहे.

चूक आधी मान्य करतो. जाक-एमिल ब्लांशनं 1922 च्या सुमारास रंगवलेल्या त्या चित्रात फ्रान्सचे ‘सहा’ याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या गटातले सगळे संगीतकार मेयेरभोवती जमलेत, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता तसे तिथे पाचच आहेत. सहावा, लुई द्युरे, नाही; त्याऐवजी कवी झाँ कॉक्तो आणि पियानोवादक झाँ व्हिएनेर आहेत. वाक्य दुरुस्त केलं. मधोमध मेयेर आहे, एवढं मात्र जसंच्या तसं ठेवलंय.

‘दुर्लक्षित’ या शब्दावरून मी मागे हटणार नाही. लीलमध्ये 1897 साली जन्मलेली ही मुलगी पॅरिसच्या काँझर्व्हातोआर या संगीत विद्यालयात मार्गरीत लाँ आणि आल्फ्रेद कोर्तो यांच्याकडे शिकली आणि सोळाव्या वर्षी पहिलं पारितोषिक घेऊन बाहेर पडली. संगीतकार एरिक सातीची ती लाडकी वादक होती. 1923 मध्ये संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या ‘ले नॉस’ या बॅलेच्या पहिल्या प्रयोगाला चार पियानो होते, त्यातल्या एकावर ती होती. आणि 1920 चा तो प्रसिद्ध किस्सा तुम्हाला ठाऊक असणारच. संगीतकार राव्हेलनं बॅले कंपनी चालवणाऱ्या दियागिलेव्हला आपलं ‘ला व्हाल्स’ दोन पियानोंवर वाजवून दाखवलं. दियागिलेव्ह म्हणाला, कलाकृती थोर आहे पण हे बॅले नव्हे. स्ट्राविन्स्की गप्प बसला, राव्हेलनं निमूट कागद गोळा केले आणि तो निघून गेला. ‘सहां’पैकी एक असलेल्या पुलँकनं सांगितलेला हा प्रसंग पुस्तकापुस्तकांतून येतो. आता मला सांगा, दुसऱ्या पियानोवर कोण होतं हे किती जणांना आठवतं? मेयेर होती. मी याला दुर्लक्ष म्हणतो. तुमच्याकडे दुसरा शब्द असेल तर कळवा.

ती विसरली गेली याची कारणं साधी आहेत. तिची बरोक म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या संगीताची बहुतेक मुद्रणं ‘ले दिस्कोफिल फ्राँसे’ या छोट्या फ्रेंच कंपनीनं काढली. 1958 मध्ये ती गेली, नेमक्या त्याच सुमाराला स्टीरिओ एलपी बाजारात येत होत्या. मग जुन्या धर्तीच्या हार्प्सिकॉर्डांची लाट आली आणि पियानोवर कुपराँ, रामो असे बरोक रचनाकार वाजवणं मागासलेपणाचं ठरलं. तुमच्या प्रतिक्रियेत त्याच लाटेचं पाणी आहे, हे खोचकपणे नाही म्हणत. मीही बरीच वर्षं त्याच पाण्यात पोहत होतो.

आता भेसळीबद्दल. तुमचा सगळा राग मुळात याचाच आहे.

हार्प्सिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की तार छेडली जाते. हळू दाबा, जोरात दाबा, आवाज जवळजवळ तेवढाच. मी पेटी वाजवतो. पेटीत निदान भाता तरी हातात असतो, दम वाढवून अख्खा आवाज फुगवता येतो. हार्प्सिकॉर्डवाल्याकडे तेही नाही. त्याच्या हाती उरतं ते स्वर कधी सोडायचा, कुठे कणभर उशीर करायचा, मुरकी कुठे घ्यायची, हे. याच बंधनातून ती अफाट कला उभी राहिली, यावर तुमचं-माझं दुमत नाही.

पण कुपराँ स्वतः काय लिहितो बघा. 1713 च्या आपल्या पहिल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की हार्प्सिकॉर्डचा पल्ला परिपूर्ण आहे, तो जात्याच झळाळता आहे, पण त्याचे स्वर फुगवता किंवा कमी करता येत नाहीत; तेव्हा अपार कौशल्यानं आणि सुरुचीनं जो कुणी या वाद्यात भाव व्यक्त करण्याची क्षमता आणील त्याचे आपण कायमचे ऋणी राहू. हे त्या वाद्याच्या सर्वांत मोठ्या फ्रेंच रचनाकाराचं म्हणणं आहे. त्याला पियानो हवा होता असा याचा अर्थ मी काढत नाही. तो वाजवणाऱ्याच्या कौशल्याबद्दल बोलतोय. पण वाद्याची ही उणीव त्याला सलत होती, एवढं तर दिसतंच. आणि पियानो हे काही पुढच्या शतकातलं भूत नव्हे. वाद्यकारागीर क्रिस्तोफोरीनं तो इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये 1700 च्या आसपास बनवला होता, आणि संगीतकार स्कार्लाटीच्या शिष्येच्या, स्पेनच्या राणीच्या, वाद्यांच्या यादीत फ्लॉरेन्सचे पियानो होते.

आणखी एक गंमत. मेयेर तरुण असताना हार्प्सिकॉर्डचा आवाज म्हणून लोक जो ऐकत होते तो बहुधा हार्प्सिकॉर्डवादक वांदा लांदोव्स्काच्या, प्लेयेल या पियानो कंपनीनं बनवलेल्या वाद्याचा. लोखंडी चौकट, स्वररंग बदलायला पायाखाली पेडल. बांधणीनं तो पियानोच्या कारखान्यातलाच चुलतभाऊ. तुमच्या शुद्धतेच्या कसोटीवर तोही नापासच होईल. म्हणून लांदोव्स्काला कचऱ्यात टाकणार का? मी तरी नाही.

हे झालं कोर्टातलं भांडण. खरी गोष्ट ऐकण्यात आहे, आणि मूळ लेखात मी तिथेच कमी पडलो. ‘स्फटिकासारखा स्वर’ वगैरे लिहून मोकळा झालो. तेव्हा आता एकच तुकडा घेतो.

रामोचा ‘ले सिक्लोप’, 1724 च्या संग्रहातला. पुराणातले एकाक्ष राक्षस लोहारकाम करताहेत असं चित्र. त्याच संग्रहाला रामोनं बोटांच्या हालचालींवर एक निबंध जोडला होता. त्यात तो सांगतो की बोटांनी पट्ट्यांवर आघात करू नये, बोटं नुसती पडली पाहिजेत. आणि दोन हातांनी आळीपाळीनं घ्यायच्या एका प्रकाराबद्दल म्हणतो की इथे हात ताशाच्या दोन काड्यांसारखे चालतात. (मूळ शब्द ढोलासाठीचा आहे, पण मला ताशाच ऐकू येतो.) आता पियानोवर हा तुकडा घेतला की बहुतेकांचा मोह ठरलेला: घण मारायचे. पियानो आहेच हातोड्यांचा. 1953 च्या मुद्रणात मेयेर हा मोह टाळते. बोटं खरोखर पडतात. स्वर सुटे, कोरडे, एकमेकांना न चिकटलेले, पेडल अगदी जपून. राक्षस आहेत, पण त्यांचे हात कारागिराचे आहेत. आणि खालून डावा हात ठेका असा धरतो की आपला पाय नकळत हलायला लागतो.

यानंतर लगेच ‘ले ताँद्र प्लँत’ लावा, त्याच संग्रहातली. नाव ‘कोमल तक्रारी’ असल्यामुळे पियानोवाले इथे हमखास रडतात. ती रडत नाही. मुखडा दर वेळी परत येतो तेव्हा त्याचं वजन किंचित बदलतं, एवढंच. बोलून झालेली तक्रार माणूस दुसऱ्यांदा जरा हळू आवाजात करतो ना, तसं. हे हार्प्सिकॉर्डवर वेगळ्या मार्गानं होतं, आणि सुंदर होतं. पण या मार्गानं होत नाही.

ही समज तिला कुठून आली याबद्दल माझा एक अंदाज आहे. कुपराँच्या स्मरणार्थ लिहिलेलं राव्हेलचं ‘तोंबो द कुपराँ’ 1919 मध्ये पहिल्यांदा वाजवलं ते तिच्या गुरूनं, मार्गरीत लाँनं. संगीतकार दब्युसीनं त्याआधीच पियानोवर रामोला आदरांजली लिहिली होती. म्हणजे मेयेर ज्या घरात वाढली तिथे रामो आणि कुपराँ म्हणजे रोज ज्यांचं नाव निघतं असे आजोबा होते. म्हणून ती त्यांच्याशी अदबीनं बोलते, पण कुजबुजत नाही.

मोनोबद्दल फार लिहीत नाही. चाळीसच्या दशकातल्या मुद्रणांत खरखर आहे, कबूल. 1953 पर्यंत टेप आलेली होती आणि तिथे तक्रारीला फारशी जागा नाही. शिवाय तुम्हीच मागे एका लेखाखाली अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांबद्दल भरभरून लिहिलं होतं. तिथली खरखर तुम्हाला चालते आणि पॅरिसची चालत नाही, हे काय बरं नाही.

एका बाबतीत तुमची बाजू बळकट आहे आणि ती तुम्ही मांडलीच नाहीत, म्हणून मीच मांडतो. कुपराँचा ‘ल तिक-तोक-शोक’. तो दोन थरांच्या पट्ट्यांसाठी लिहिलेला आहे: एक हात वरच्या थरावर, एक खालच्या, आणि दोघेही एकाच टापूत फिरतात. पियानोला थर एकच, त्यामुळे दोन्ही हातांची बोटं एकाच पट्टीवर येऊन आदळतात. कितीही कसलेला वादक असो, काही स्वर गिळले जातात किंवा तडजोड करावी लागते. तिथे मूळ वाद्याला पर्याय नाही.

हार्प्सिकॉर्डवादक स्कॉट रॉस ऐका असं तुम्ही सुचवलंत. ऐकतो हो. स्कार्लाटीच्या 555 सोनाटांचा त्याचा तो 34 सीडींचा डोंगर माझ्याकडे आहे, निम्म्याहून पुढे गेलोय. मेयेर लावायची म्हणून रॉस बंद करावा लागत नाही. फक्त एक पथ्य पाळतो: एकाच संध्याकाळी दोघांचा एकच तुकडा पाठोपाठ लावत नाही. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा जे दुसऱ्यांदा ऐकलं तेच चुकीचं वाटलं. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा केला, तर पुन्हा तेच, फक्त चुकणारा माणूस बदलला.

तुम्ही ‘ले सिक्लोप’ ऐकलंत की याच लेखाखाली लिहा. चिडून लिहिलंत तरी चालेल.